महासागरांचं अभिसरण कोणाच्या जोरावर चालतं?

दादरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलं आहे: "ध्रुवांजवळ थंड, खारट पाणी जड होऊन तळाला जातं आणि त्यामुळे जगभरच्या महासागरांचं अभिसरण चालतं, असं आम्ही मुलांना शिकवतो. अलीकडे एका व्याख्यानात ऐकलं की हे अभिसरण वारा आणि चंद्र चालवतात. मग सूर्याच्या एवढ्या उष्णतेचं काय होतं? आणि बर्फ वितळून गल्फ स्ट्रीम बंद पडणार का, असं मुलं बातम्या वाचून विचारतात. त्यांना काय सांगू?"

मॅडम, व्याख्यात्याचं म्हणणं बरोबर आहे आणि तुम्ही शिकवता तेही टाकून द्यायची गरज नाही. काय घडतं ते पुस्तकात नीट सांगितलंय. ग्रीनलंडच्या आसपासच्या समुद्रांत आणि अंटार्क्टिकाच्या कडेला पाणी खरोखरच जड होऊन खाली जातं, आणि तेच पुढे जगभरच्या खोल महासागरांत पसरतं. पण हे वर्षानुवर्षं कशाच्या जोरावर चालू राहतं, याचं उत्तर पुस्तकात नाही. खाली जायला जड पाण्याला कोणाची मदत लागत नाही. वर यायला लागते. ऊर्जेचा सगळा प्रश्न त्या वर येण्यात आहे.

सुरुवात सूर्यापासून करू. वातावरण आणि महासागर यांच्यात एक मूलभूत फरक आहे आणि तो वर्गात ठसवण्यासारखा आहे. हवा बरीचशी पारदर्शक असल्यामुळे ऊन जमिनीवर आणि समुद्रावर येऊन पडतं आणि हवा तळातून तापते. वरच्या थरांत ती उष्णता अवकाशात सोडून थंड होते. खालून तापणं आणि वरून थंड होणं, ही उष्णतेच्या इंजिनाला लागणारी नेमकी मांडणी. समुद्राचं उलटं आहे. उन्हाची बहुतेक ऊर्जा पहिल्या काही मीटरांतच शोषली जाते आणि दोनशे मीटरखाली जवळजवळ काळोख. शिवाय समुद्र थंड होतो तोही पृष्ठभागावरच, बाष्पीभवनाने आणि गार वाऱ्याने. म्हणजे तापणारी बाजूही वर आणि निवणारी बाजूही वर. चहाचं आधण गॅसवर ठेवण्याऐवजी पातेल्यावर तापलेला तवा धरला तर वरचं बोटभर पाणी चटका देईल आणि तळाचं तसंच गार राहील. समुद्राला सूर्य असा वरून तापवतो.

स्वीडनचे योहान सँडस्ट्रॉम यांनी १९०८ साली पाण्याच्या टाकीत प्रयोग करून हे मांडलं. उष्णतेचा स्रोत खाली आणि थंडाव्याचा वर ठेवला की पाणी जोरात फिरतं. उष्णतेचा स्रोत वर आणि थंडावा खाली ठेवला की थोड्याच वेळात पाणी थरांत बसतं आणि फिरणं जवळजवळ थांबतं. त्यावर १९२५ साली ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी रास्त आक्षेप घेतला. वरची उष्णता हळूहळू झिरपत खाली जातेच, त्यामुळे पाण्याची हालचाल अगदी शून्यावर येणार नाही, असं ते म्हणाले. हा आक्षेप टिकला. पण मग प्रश्न उरला तो वेगाचा. निव्वळ रेणूंच्या धक्क्यांनी उष्णता इतकी मंद उतरते की त्यावर चालणारं अभिसरण नावापुरतंच असेल. २००२ मध्ये पापारेला आणि यंग यांनी गणिताने दाखवलं की फक्त पृष्ठभागावर तापवून आणि थंड करून द्रवात जी खळबळ माजू शकते, तिची कमाल मर्यादा फार कमी आहे. प्रत्यक्ष महासागरात मोजली जाणारी खळबळ त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. ती ऊर्जा दुसरीकडून येते.

समुद्राच्या तळातून पृथ्वीच्या पोटातली उष्णताही येते, आणि ती खालून येते. पण ती चौरस मीटरला साधारण एक दशांश वॅट आहे, आणि वरून ऊन सरासरीने दीडशे वॅटच्याही पुढे. तिचा तळाच्या पाण्यावर थोडा परिणाम होतो. एवढी नोंद पुरे.

आता मुख्य मुद्द्याकडे. कल्पना करा की समुद्र ढवळणारं काहीच नाही. ध्रुवांकडचं जड पाणी बुडत राहील, खालून खोरी भरत येतील आणि काही हजार वर्षांत सगळा महासागर थंड, जड पाण्याने भरून जाईल. वर फक्त उष्ण पाण्याचा पातळ थर. एकदा खालचं सगळंच तितकं जड झालं की नव्याने थंड झालेल्या पाण्याला बुडायला जागा उरत नाही. म्हणून बुडणं चालू ठेवायचं तर खालच्या पाण्यात वरची ऊब सतत मिसळत राहिली पाहिजे, म्हणजे ते हलकं होऊन वर सरकेल. हे मिसळणं फुकट होत नाही. वरचं हलकं पाणी खाली ढकलायचं आणि खालचं जड पाणी वर उचलायचं, तेही गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध.

किती काम पडतं ते बारावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल. एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा पाण्याचा उभा खांब घ्या. वरचे १०० मीटर हलकं पाणी, खालचे १०० मीटर जड, आणि घनमीटरमागे फरक फक्त १ किलोचा. उष्ण पाण्यात साधारण तीन अंशांच्या फरकाने एवढं होतं. दोन्ही थर पूर्ण मिसळले की खांबाचा गुरुत्वमध्य थोडा वर सरकतो. घनतेतला फरक गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले थराच्या जाडीचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं ४९ हजार ज्यूल, म्हणजे ५० किलो वजन १०० मीटर उंच उचलण्याइतकं काम, तेही एका चौरस मीटरमागे. आणि ढवळण्यात घातलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा हिस्साच या उचलण्याच्या कामी येतो. बाकीची घर्षणात उष्णता होऊन जाते.

हाच हिशोब सगळ्या महासागरांसाठी वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श या समुद्रवैज्ञानिकांनी १९९८ साली मांडला. मंक यांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं की खोल पाणी सरासरी वर्षाला काही मीटर इतक्या धीम्या गतीने वर येत असावं, आणि पाण्याचे थर आज दिसतात तसे टिकून राहण्यासाठी किती मिसळणं लागेल याचा आकडा काढला होता. १९९८ च्या लेखात प्रश्न ऊर्जेचा होता, आणि उत्तर सुमारे २ टेरावॅट आलं. टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट. तुलनेसाठी, २०२४ च्या सुमारास भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांची मिळून स्थापित क्षमता साडेचारशे गिगावॅटच्या आसपास होती, म्हणजे अर्ध्या टेरावॅटहून कमी. आकडा मोठा वाटतो, पण सूर्याच्या हिशोबात तो नगण्य आहे. महासागर विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जी उष्णता वाहून नेतात ती जास्तीत जास्त २ पेटावॅटच्या घरात, म्हणजे २,००० टेरावॅट. ज्या यांत्रिक ऊर्जेवर हे अभिसरण चालतं ती त्याने वाहिलेल्या उष्णतेच्या हजाराव्या हिश्श्याएवढी आहे. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. उष्णता हा या प्रवाहांवरचा माल आहे, तो ओढणारी ताकद वेगळी आहे. सूर्याच्या उष्णतेचं काय होतं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही हेच.

या खोल पाण्याची ओळख व्हायला ध्रुवावर जावं लागत नाही. मुंबईहून पश्चिमेला भूखंडमंच ओलांडून गेलं की अरबी समुद्र तीन-साडेतीन किलोमीटर खोल होतो. संशोधन जहाजावरून तारेच्या टोकाला उपकरणं आणि पाणी धरून आणणाऱ्या नळकांड्यांची चौकट खाली सोडतात. एप्रिल-मे महिन्यात डेकवर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि पृष्ठभागाचं पाणी तीस अंशांच्या आसपास. दोन-तीन तासांनी चौकट वर येते तेव्हा तीन हजार मीटरवरच्या नळकांड्यावर बाहेरून दव धरलेलं असतं. ऑक्सिजनच्या नमुन्यासाठी त्याच्या तोटीला रबरी नळी लावून बाटली भरताना बोटं गारठतात. खाली ते पाणी दोन अंशांच्या आसपास असतं. अरबी समुद्राला उत्तरेकडून वाटच नाही, तिथे आशिया खंड आडवा आहे. एवढं थंड पाणी दक्षिणेकडूनच येऊ शकतं, अंटार्क्टिकाच्या बाजूने, हजारो किलोमीटर तळातळाने. आणि खाली साचून राहण्याऐवजी ते हळूहळू वर सरकतंय, कारण कोणीतरी ते ढवळतंय.

तर हे २ टेरावॅट येतात कुठून? ढोबळमानाने निम्मे भरती-ओहोटीतून आणि निम्मे वाऱ्यातून.

भरती-ओहोटीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुंबईकरांना ती ओळखीची वाटते आणि नेमका तिथेच घोळ होतो. अपोलो बंदराला १८७८ पासून भरतीची नोंद होते आहे, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाण्याची पातळी पाचेक मीटरांनी वरखाली होते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असेल त्या दिवसांची यादी पालिका आधीच जाहीर करते, ती तुमच्या मुलांनी पाहिलेली असेल. खंबायतच्या आखातात तर हा फरक दहा मीटरांच्या घरात जातो. साहजिकच मुलं म्हणणार, एवढं पाणी हलतंय म्हणजे हेच ते ढवळणं. पण तसं नाही. उथळ समुद्रात भरतीचं पाणी तळाला घासत पुढे जातं, गाळ उसळतो, आणि ऊर्जा तिथल्या तिथे उष्णतेत संपते. इथलं पाणी आधीच वरपासून खालपर्यंत बरंच मिसळलेलं असतं. तीन हजार मीटर खोलीवरच्या थंड पाण्याला त्याचा काही उपयोग नाही.

उपयोगाची भरती डोळ्यांना दिसत नाही. खुल्या महासागरात चंद्रामुळे पाण्याचा सगळा स्तंभ, पृष्ठभागापासून तळापर्यंत, दर बारा तास पंचवीस मिनिटांनी पुढे-मागे सरकतो. वेग सेकंदाला काही सेंटीमीटर, फार नाही. पण हे पाणी समुद्रतळावरच्या डोंगररांगांवरून जातं तेव्हा खालचे जड थर उतारावरून वर ढकलले जातात, मग खाली घसरतात, आणि पाण्याच्या पोटात लाटा उठतात. यांना अंतर्गत लाटा म्हणतात. पृष्ठभागावर त्या जेमतेम जाणवतात, पण आत त्यांची उंची दहा-दहा मीटर, कधी त्याहून पुष्कळ जास्त असते. अंदमानच्या समुद्रात १९७० च्या दशकात मोजलेल्या अंतर्गत लाटा साठ मीटरच्या पुढच्या होत्या. तिथे तेलविहिरीसाठी आलेल्या जहाजाला त्या हेलकावे देत होत्या, म्हणून त्यांची नीट मोजणी झाली. अशा लाटा फुटल्या की पाण्याच्या पोटातच खळबळ होते आणि थर मिसळतात. आपल्या बाजूला, अरबी समुद्राच्या मधोमध, कार्ल्सबर्ग कटक नावाची रांग आहे. अशा खडबडीत तळावरच हे काम जास्त चालतं.

याचे पुरावे १९९० च्या दशकात हाती आले. ब्राझीलसमोरच्या खोऱ्यात सल्फर हेक्झाफ्लोराइड हा निरुपद्रवी वायू खोल पाण्यात सोडून तो किती पसरतो ते पाहिलं, सोबत खळबळ मोजणारी नाजूक उपकरणं खाली सोडली. सपाट तळावर मिसळणं अगदी कमी, आणि मध्य अटलांटिक कटकाच्या खडबडीत उतारांवर त्याच्या दहापट, कुठे शंभरपट. मंक यांनी काढलेली सरासरी सगळीकडे सारखी सापडत नाही, हे कोडं बरीच वर्षं होतं. ते अशा रीतीने सुटायला लागलं. पुढे २००० साली गॅरी एग्बर्ट आणि रिचर्ड रे यांनी टोपेक्स-पोसायडन उपग्रहाच्या समुद्रपातळीच्या मोजमापांतून दाखवलं की भरतीच्या एकूण ऊर्जेपैकी पंचवीस ते तीस टक्के, म्हणजे सुमारे १ टेरावॅट, खोल महासागरात खर्च होते, आणि तीही कटकांच्या आणि बेटांच्या रांगांच्या जवळपास.

भरतीची ऊर्जा निघते पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून. त्यामुळे दिवस शतकाला दोनेक मिलिसेकंदांनी लांबतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटरने दूर जातो. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे अंतर मोजतात. भरतीत एकूण किती ऊर्जा खर्च होते त्याचा ३.७ टेरावॅटच्या आसपासचा आकडा त्यामुळेच इतका पक्का आहे. या विषयातले बाकीचे आकडे इतके पक्के नाहीत, हे मुलांना जरूर सांगा.

आता वारा. समुद्रावर वारा घालतो त्यातली बहुतांश ऊर्जा, साठ टेरावॅटच्या घरातली, पृष्ठभागावरच्या लाटांत जाते आणि वरच्या वरच विरते. महासागरांच्या मोठ्या प्रवाहांना त्यातून साधारण १ टेरावॅट मिळते, आणि त्यातला मोठा हिस्सा एकट्या दक्षिण महासागरात. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीच्या अक्षांशांत पृथ्वीला पूर्ण फेरा मारला तरी जमीन आडवी येत नाही. तिथले पश्चिमी वारे बारमाही आणि जोरकस. पृथ्वीच्या फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात पृष्ठभागाचं पाणी वाऱ्याच्या डावीकडे वळतं, म्हणजे इथे उत्तरेला जातं, आणि त्याची जागा भरायला दोन-तीन किलोमीटर खोलीवरून पाणी वर ओढलं जातं. या भागात समान घनतेचे थर तिरके असतात, खोलवरून थेट पृष्ठभागापर्यंत चढत येतात. त्यामुळे पाणी थरांच्या बाजूबाजूनेच वर येतं, थर फोडून मिसळण्याची गरज पडत नाही. उत्तर अटलांटिकमध्ये बुडालेलं बरंचसं पाणी याच वाटेने वर येतं, असं १९९० च्या दशकात टॉगवायलर आणि सॅम्युअल्स यांनी मांडलं. आज बहुतेक अभ्यासक हे मानतात. यामुळे मंक-वुन्श यांच्या २ टेरावॅटमधलं ओझं थोडं हलकं होतं. पण अंटार्क्टिकाच्या कडेला बुडणारं सर्वांत जड पाणी वर आणायला ढवळणं लागतंच.

वारा पाणी कसं फिरवतो हे पाहायला आपला अरबी समुद्र जगात नावाजलेला आहे, कारण इथे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की सोमालियाच्या किनाऱ्याने जाणारा प्रवाह उलटून ईशान्येकडे धावू लागतो. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जातो, म्हणजे गल्फ स्ट्रीमच्या तोडीचा. हिवाळ्यात तोच प्रवाह उलट्या दिशेने जातो. निव्वळ पाण्याच्या घनतेवर चालणारा प्रवाह असा चार-सहा आठवड्यांत पाठ फिरवू शकला नसता. त्याच काळात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी उफाळून वर येतं. मेमध्ये तीस अंशांवर असलेला अरबी समुद्र ऐन उन्हाळी ऋतूत, ऑगस्टपर्यंत, दोन-तीन अंशांनी थंड होतो. ढगांमुळे ऊन कमी होतं हे आहेच, पण वाऱ्याचं ढवळणं, उफाळणारं पाणी आणि बाष्पीभवन यांचा त्यात मोठा वाटा आहे. केरळ-कर्नाटक किनाऱ्यालाही त्या दिवसांत थोडं पाणी उफाळतं, आणि तारली-बांगड्याचं पीक त्यावर बरंच अवलंबून असतं.

वाऱ्याचं आणखी एक काम फारसं कोणी सांगत नाही. वादळ येऊन गेलं की समुद्र लगेच शांत होत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी गोल गोल फिरत राहतं, आणि त्या फेऱ्याचा काळ अक्षांशावर ठरतो. मुंबईच्या अक्षांशावर तो सुमारे ३७ तास येतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यासमोर नांगरून ठेवलेली प्रवाहमापक उपकरणं आहेत. अशा नोंदीत वादळानंतरचे दिवस पाहिले की दर दीड दिवसाला एक असा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारा फेरा स्पष्ट ओळखू येतो. ही ऊर्जा लाटांच्या रूपाने खाली झिरपते आणि वरच्या काही शे मीटरांतलं ढवळणं वाढवते. मला स्वतःला हा आलेख शाळा-कॉलेजात दाखवावासा वाटतो. पृथ्वी फिरते याचा इतका सरळ पुरावा मुलांना क्वचित मिळतो.

इथे एक चोख शंका येईल: वारा तरी सूर्यामुळेच वाहतो ना? हो. सूर्य हवेला खालून तापवतो, हवेचं इंजिन चालतं, आणि त्यातला एक बारीकसा हिस्सा समुद्राच्या वाट्याला येतो. शेवटी ऊर्जा सूर्याचीच, फक्त वाट वातावरणातून जाते. चंद्राचा हिस्सा मात्र सूर्याच्या खात्यात धरता येत नाही.

घनतेचं काहीच महत्त्व नाही, असंही समजू नका. फेब्रुवारीत उत्तर अरबी समुद्रावरून कोरडे, गार ईशान्य वारे वाहतात तेव्हा वरचं पाणी थंड आणि जड होऊन खाली जातं, आणि शंभर मीटरपर्यंतचा थर एकजीव होतो. तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून येणारं खारट पाणी अरबी समुद्रात काही शे मीटर खाली जाऊन आपापला थर धरून पसरतं. ही घनतेचीच कामं आहेत. काही अभ्यासक, विशेषतः ऑस्ट्रेलियातले ह्यूज आणि ग्रिफिथ्स, असंही मांडतात की पृष्ठभागावरचं थंड होणं आणि आतलं मिसळणं ही एकमेकांवर अवलंबून असलेली जोडी आहे, आणि त्यातल्या एकालाच कर्ता ठरवणं एकांगी आहे. त्यांचा हिशोब मला पटतो. तरीही ढवळणारा हात काढून घेतला तर जोडीतला दुसरा भिडू फार काळ तग धरणार नाही, हे त्यांच्याही मांडणीत बदलत नाही. म्हणून मी स्वतः शिकवताना दोन प्रश्न वेगळे करते. ऊर्जा कोण देतं? वारा आणि भरती. पाणी कुठे बुडेल, किती बुडेल, अभिसरणाचा आकार काय असेल? ते बरंचसं तापमान आणि क्षारता ठरवतात.

हा फरक हाताशी असला की गल्फ स्ट्रीमचा प्रश्न सोपा होतो. गल्फ स्ट्रीम हा मुळात उत्तर अटलांटिकमध्ये वाऱ्याने फिरवलेल्या चक्राचा पश्चिमेकडचा, जोरकस काठ आहे. तो पश्चिम काठाशीच का आवळला जातो, ते हेन्री स्टोमेल यांनी १९४८ साली पृथ्वीच्या फिरण्यावरून दाखवलं. वारे वाहतात आणि पृथ्वी फिरते तोवर गल्फ स्ट्रीम राहील. बातम्यांमध्ये ज्याच्याबद्दल काळजी व्यक्त होते ते वेगळं आहे, अटलांटिकचं उभं अभिसरण: वर उत्तरेकडे जाणारं उष्ण पाणी आणि खालून दक्षिणेला परतणारं थंड पाणी. २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, फ्लोरिडापासून आफ्रिकेपर्यंत, उपकरणांची रांग लावून ते मोजलं जातं. सरासरी सेकंदाला १७० लाख घनमीटरच्या आसपास पाणी. एक घनमीटर समुद्राचं पाणी एका अंशाने थंड झालं तर सुमारे ४१ लाख ज्यूल सुटतात. वर जाणाऱ्या आणि खालून परतणाऱ्या पाण्यात सतरा-अठरा अंशांचा फरक धरला तर गुणाकार सव्वा पेटावॅटच्या आसपास जातो. मोजलेली उष्णताही जवळजवळ तेवढीच आहे. मुलांकडून हा गुणाकार करून घ्या.

ग्रीनलंडचं गोडं पाणी समुद्रात मिसळलं की वरचं पाणी पुरेसं जड होत नाही आणि बुडणं मंदावतं. वारा तेवढाच, चंद्र तेवढाच, तरी अटलांटिकमधलं हे अभिसरण कमजोर होऊ शकतं, कारण ऊर्जा तीच असली तरी पाण्याची वाट बदलते. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या २०२१ च्या अहवालात म्हटलंय की या शतकात ते कमजोर होण्याची शक्यता फार मोठी आहे. २१०० पूर्वी ते एकाएकी कोसळणार नाही, असं समिती मध्यम खात्रीने म्हणते. मध्यम खात्री म्हणजे निर्धास्त राहण्याची सूट नव्हे, आणि उद्याच सगळं बंद पडणार अशी भीती घालायलाही त्यात आधार नाही. मुलांना हे असंच, आहे तसं सांगा.

हे अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रतिकृतींत पाण्याच्या पोटातल्या लाटा थेट दिसत नाहीत, कारण त्यांच्या जाळीची घरं किलोमीटरांच्या मापाची असतात आणि लाट फुटते ती काही मीटरांत. म्हणून ढवळणं किती होतं ते तळाच्या खडबडीतपणावरून आणि भरतीच्या वेगावरून गणिताने आत घालावं लागतं. आणि जगाच्या समुद्रतळापैकी आजवर फक्त पाव भागाच्या आसपास प्रत्यक्ष, बारकाईने मोजला गेला आहे. तुमच्या वर्गातल्या एखाद्याला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही आवडत असेल, तर त्याला सांगा की कार्ल्सबर्ग कटकावरचं ढवळणं मोजायला माणसं हवी आहेत.